सायकलीची बी.बी. : बसणे निराळे, जुळणे निराळे

यवतमाळ जिल्ह्यातील कोणत्याही मोठ्या गावातील हायस्कूलसमोर शाळा भरण्याच्या वेळी उभे राहा. आर्णी घ्या, घाटंजी घ्या, की पांढरकवडा घ्या. आजूबाजूच्या खेड्यांतून येणाऱ्या सायकलींची रांग तुम्हांला दिसेल. त्यांतील पुष्कळ मुलींच्या सायकली मानव विकास कार्यक्रमाखाली मिळालेल्या असतात. शाळा घरापासून चार-पाच किलोमीटरांवर असली आणि एस.टी.ची वेळ जमत नसली, की आठवीनंतरचे शिक्षण त्या दोन चाकांवरच अवलंबून असते.

अशाच एका नववीतील मुलीची ही गोष्ट. तिच्या सायकलीचे डावे पायडल दाबले की ‘कट्’ असा आवाज येऊ लागला. क्रँकेची कॉटर पिन झिजली होती. वडिलांनी आठवडी बाजारातून नवी कॉटर आणली. ती भोकात सहज गेली. हातोडीचे दोन ठोके, वरून नट, आणि काम झाले! चौथ्या दिवशी निम्म्या वाटेवर डावी क्रँक लटकू लागली. उरलेले अंतर सायकल ढकलत मुलगी शाळेत पोचली, तेव्हा गणिताची चाचणी अर्धी होऊन गेली होती.

संध्याकाळी गावातल्या मिस्त्रीकाकांनी ती कॉटर बाहेर काढली, दोन बोटांत धरून पाहिली आणि म्हणाले, “आत गेलं म्हंजे बसलं, असं नसते वं पोरी.”

काकांच्या या एका वाक्यात यंत्रशास्त्राचा एक मोठा धडा आहे. एखादा भाग दुसऱ्या भागात शिरणे वेगळे आणि त्याला जुळणे वेगळे. हा फरक नेमका कशात असतो, ते आज आपण सायकलीच्याच साहाय्याने पाहू.

बी.बी. म्हणजे काय?

सायकलीच्या दोन्ही क्रँका जेथे एकत्र येतात तो भाग नीट पाहा. फ्रेमच्या नळ्या तेथे एका आखूड, आडव्या नळीला येऊन मिळालेल्या दिसतील. ही आडवी नळी व तिच्या आतील सारी जोडणी यांना इंग्रजीत बॉटम ब्रॅकेट म्हणतात. आपले मिस्त्री नुसते ‘बी.बी.’ म्हणतात. आपणही तोच शब्द वापरू.

बी.बी.च्या नळीतून एक पोलादी दांडा आरपार जातो. हा एक्सल होय. एक्सलवर दोन ठिकाणी उतरता, गुळगुळीत भाग असतो. त्याला कोन म्हणतात. नळीच्या दोन्ही तोंडांना आतून आटे पाडलेले असतात. (काही मिस्त्री आट्यांना ‘चुडी’ म्हणतात.) या आट्यांत दोन्ही बाजूंनी वाटीसारखा एकेक कप फिरवून बसवतात. कोन आणि कप यांच्यामध्ये पोलादी छर्रे असतात. सामान्यपणे ते पाव इंच, म्हणजे ६.३५ मि.मी. व्यासाचे असून प्रत्येक बाजूला अकरा असतात. उजवा कप एकदा घट्ट बसवला की त्याला पुन्हा हात लावावयाचा नसतो. डावा कप थोडा आतबाहेर फिरवून छर्ऱ्यांचा ताण जमवतात आणि मग लॉकरिंगने तो जखडून टाकतात.

एक्सलच्या दोन्ही टोकांवर क्रँका बसतात. उजव्या क्रँकेला दात्यांचे चेनव्हील जोडलेले असते. पूर्वापार चालत आलेल्या काळ्या, मोठ्या सायकलींत क्रँक एक्सलवर पक्की करण्याचे काम कॉटर करते. ही एका बाजूने उतरती घासलेली गोल पिन असते. तिची सपाट बाजू एक्सलवरील खाचेत पाचरीसारखी रुतते.

क्रँक आणि बी.बी. एकमेकांना जुळतात की नाही, हे पुढील पाच मापांवर ठरते :

(१) कॉटरचा व्यास, किंवा कॉटर नसल्यास एक्सलच्या चौकोनी टोकाची जाडी;
(२) कपाचा व्यास;
(३) आट्यांची दाटी, म्हणजे एका इंचात किती आटे आहेत;
(४) आट्यांची दिशा, सुलटी की उलटी;
(५) नळीची रुंदी आणि तिला साजेशी एक्सलची लांबी.

यांतील चार जुळली आणि एक चुकले, तरी सायकल दुरुस्त झाली असे म्हणता येत नाही. आता एकेक माप घेऊ.

एवढ्याशा कॉटरवर भार किती?

समजा, ५० किलोग्रॅम वस्तुमानाची मुलगी चढावर डाव्या पायडलवर पूर्ण भार देऊन उभी राहिली. तिचे वजन सुमारे ४९० न्यूटन. क्रँकेची लांबी १६५ मि.मी. आणि ती आडवी आहे. म्हणजे एक्सलवर पडणारे आघूर्ण

४९० × ०.१६५ = सुमारे ८१ न्यूटन-मीटर.

डाव्या पायाचे हे सारे आघूर्ण डाव्या कॉटरमधून एक्सलमध्ये, आणि एक्सलमधून उजवीकडच्या चेनव्हीलकडे जाते. दुसरी वाटच नाही. कॉटर मात्र एक्सलच्या पृष्ठभागाजवळ बसते. एक्सलचा व्यास १६ मि.मी. धरला, तर त्याची त्रिज्या केवळ ८ मि.मी. तेव्हा कॉटरवर येणारे बल

८१ ÷ ०.००८ = सुमारे १०,१०० न्यूटन.

हे बल जवळजवळ एक टन वस्तुमानाच्या वजनाइतके आहे! क्रँक ही एक तरफ आहे. तिचा लांब हात १६५ मि.मी.चा व आखूड हात ८ मि.मी.चा, म्हणून बल सुमारे २० पट होते. चांगली कॉटर हा भार सहज पेलते. मात्र तिची सपाट बाजू एक्सलच्या खाचेला पूर्णपणे टेकलेली असली पाहिजे. नुसत्या एका कडेवर टेकलेली पिन एवढ्या भाराखाली चेपते, ढिली होते आणि शेवटी एक्सलची खाचही खराब करते.

आता त्या मुलीच्या कॉटरकडे वळू. इंग्रजी पद्धतीच्या कॉटरचा व्यास ९.५ मि.मी. असतो. ९ मि.मी. व्यासाच्या कॉटरीही असतात. ९.५ च्या भोकात ९ ची पिन अर्थातच सहज जाते, कारण अर्धा मिलीमीटर जागा मोकळीच राहते. आणि हा अर्धा मिलीमीटर तेवढाच राहत नाही. तरफेने जसे बल २० पट केले, तशीच ती ढिलाईही २० पट करते. एक्सलजवळ अर्धा मिलीमीटर हालचाल झाली, तर पायडलच्या टोकाशी ती १० मि.मी. होते. ‘कट्’ आवाज येतो तो हाच.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. कॉटर पक्की बसते ती पाचरीसारखी दाबून किंवा ठोकून. वरचा नट ती फक्त मागे सरकू नये म्हणून असतो. नट आवळून कॉटर ओढू गेल्यास नटाचे आटे जातात. शिवाय दोन्ही कॉटरी परस्परांच्या उलट अंगाने घालावयाच्या असतात. एका कॉटरचा नट वर आला, तर त्याच क्षणी दुसरीचा खाली असला पाहिजे. तसे न केल्यास दोन्ही क्रँका एका सरळ रेषेत येत नाहीत आणि चालवणाऱ्याच्या गुडघ्यांना ते लगेच जाणवते.

दोन हात फिरून अडणारा कप

कॉटरनंतर कपाची पाळी. कप आट्यांवर बसतो, म्हणून येथे व्यास आणि आट्यांची दाटी अशी दोन मापे जुळावी लागतात. निरनिराळ्या देशांत सायकलीचे कारखाने निघाले तेव्हा प्रत्येकाने आपापली मापे ठरवली. त्यांतील प्रमुख चार अशी :

इंग्रजी पद्धत : व्यास १.३७ इंच (३४.८ मि.मी.), इंचाला २४ आटे, नळीची रुंदी ६८ मि.मी.
जुनी रॅले : व्यास १ ३/८ इंच (३४.९ मि.मी.), इंचाला २६ आटे, नळीची रुंदी ७१ किंवा ७६ मि.मी.
फ्रेंच पद्धत : व्यास ३५ मि.मी., दर मिलीमीटरला एक आटा, नळीची रुंदी ६८ मि.मी.
इटालियन पद्धत : व्यास ३६ मि.मी., इंचाला २४ आटे, नळीची रुंदी ७० मि.मी.

पहिल्या दोन ओळी पुन्हा वाचा. व्यासात केवळ ०.१ मि.मी.च्या आसपास फरक आहे. तुमच्या प्रयोगशाळेतील व्हर्नियर कॅलिपरचे लघुतम माप तेवढेच, ०.१ मि.मी. असते. म्हणजे नुसता व्यास मोजून या दोन कपांतील फरक ओळखणे कठीण. डोळ्यांना तर ते जुळे भाऊच वाटतील. नॉटिंगहॅमच्या रॅले कारखान्याने आपली ही वेगळी मापे वर्षानुवर्षे चालू ठेवली होती. तुमच्या घरी आजोबांच्या काळची विलायती रॅले असेल आणि तिच्यासाठी आजच्या बाजारातला २४ आट्यांचा कप आणला, तर काय होईल?

हिशेब करू. १ इंच म्हणजे २५.४ मि.मी.

२४ आट्यांच्या कपात दोन लगतच्या आट्यांतील अंतर : २५.४ ÷ २४ = १.०५८ मि.मी.
२६ आट्यांच्या नळीत हे अंतर : २५.४ ÷ २६ = ०.९७७ मि.मी.
फरक : ०.०८१ मि.मी.

पहिल्या आट्याला हा फरक जाणवणारही नाही. तिसऱ्या आट्याला तो ०.२४ मि.मी. होतो, कप जड फिरू लागतो. सहाव्या आट्याला तो ०.४९ मि.मी., म्हणजे जवळजवळ अर्ध्या आट्याएवढा होतो. आता कपाच्या आट्याचा उंचवटा नळीतील खोलगट भागासमोर न येता थेट उंचवट्यासमोर येतो. येथेच माणूस चुकतो. “दोन-तीन आटे तर गेले, म्हणजे हाच कप असणार,” असे समजून तो लांब दांड्याचा पान्हा लावतो. पोलाद पोलादाला कापू लागते. कप खराब झाला तर तो बदलता येतो. पण नळीचे आटे गेले तर फ्रेमच निकामी होण्याची वेळ येते.

म्हणून नियम असा : आटे स्वच्छ पुसून तेल लावल्यावर योग्य कप शेवटच्या थोड्या भागापर्यंत बोटांनी फिरला पाहिजे. पान्हा फक्त शेवटी आवळण्यासाठी असतो, आत घालण्यासाठी नव्हे.

उजवा कप उलटा का?

चौथे माप दिशेचे. बाटलीचे झाकण उजवीकडे फिरवले की बसते. हे सुलटे आटे. इंग्रजी पद्धतीच्या बी.बी.त मात्र उजव्या कपाचे आटे उलटे असतात. तो बसवताना डावीकडे आणि काढताना उजवीकडे फिरवावा लागतो. ज्याला हे ठाऊक नाही, तो कप काढण्याच्या समजुतीने तासभर तो अधिकच घट्ट करीत बसतो! पायडलांतही असाच प्रकार असतो. पण तेथे डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. हे असे का?

पुढील प्रयोग करून पाहा. आतून ७५ मि.मी. व्यासाचे एखादे भांडे आणि ६० मि.मी. व्यासाची बाटली घ्या. बाटलीच्या बुडावर खडूने एक बाण काढा. बाटली भांड्याच्या आतल्या भिंतीला टेकवून, न घसरू देता, भिंतीच्या कडेकडेने घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवत न्या. एक फेरी पूर्ण झाली की बाण पाहा. बाटली स्वतःभोवती पाव फेरा फिरलेली असेल, पण उलट दिशेने!

(७५ − ६०) ÷ ६० = १/४

क्रँकेच्या भोकातील पायडलची दांडी म्हणजे ही बाटलीच. आट्यांत नेहमी सूक्ष्म फट असते. क्रँक गोल फिरते, पण पायाचा भार मात्र सतत खालीच असतो. त्यामुळे भोकाच्या दृष्टीने पाहता भार त्याच्या कडेकडेने फिरत राहतो आणि पायडलची दांडी स्वतःभोवती किंचित फिरू पाहते. दांडीचा व्यास ९/१६ इंच, म्हणजे १४.३ मि.मी.; फट ०.१ मि.मी. धरली, तर पायडलच्या एका फेरीत दांडी १/१४३ फेरा फिरू पाहील. १४३ फेऱ्यांत पुरा एक फेरा! ४४ दात्यांचे चेनव्हील, १८ दात्यांचे फ्रीव्हील आणि २८ इंची चाक असलेली सायकल एका फेरीत सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. म्हणजे आटे चुकीच्या दिशेचे व ढिले असतील, तर शाळेपर्यंतच्या वाटेवर पहिल्या किलोमीटरातच पायडल एक फेरा उसवू शकेल.

उजव्या बाजूने पाहिले तर क्रँक घड्याळाच्या दिशेने फिरते; म्हणून तिच्या भोकात भार उलट दिशेने आणि दांडी पुन्हा घड्याळाच्या दिशेने फिरू पाहते. सुलट्या आट्यांनी ती घट्ट होते. डावीकडे सारे आरशातल्याप्रमाणे उलटे होते, म्हणून तेथे उलटे आटे. गंमत अशी, की छर्ऱ्यांच्या घर्षणाचा विचार केला तर नेमके याच्या विरुद्ध व्हावयास हवे होते. पण हे घर्षण क्षुल्लक असते आणि भाराखाली होणारे हे सरकणे त्याच्यावर मात करते.

बी.बी.च्या कपांत भार क्रँकेच्या फिरण्याबरोबरच सरकत जातो. क्रँकेच्या भोकात तो फिरण्याच्या उलट जात होता. म्हणून कपांच्या बाबतीत बाजूही उलट झाली, आणि उलटे आटे उजवीकडे आले. इटालियन व फ्रेंच पद्धतींत दोन्ही कपांचे आटे सुलटे असतात. त्यामुळे तेथे उजवा कप फार घट्ट आवळावा लागतो; नाही तर तो सैल होत जातो.

एक्सल लांब पडला तर?

कप व्यवस्थित बसले, तरी पाचवे माप राहिले. एक्सलवरील दोन कोनांमधील अंतर नळीच्या रुंदीला साजेसे हवे. ७६ मि.मी.च्या नळीसाठी केलेला एक्सल ६८ च्या नळीत घातला, तर तो आत जाईल, फिरेलही. पण डावा कप फार बाहेर ठेवावा लागेल आणि जेमतेम तीन-चार आट्यांवर तो तोलून राहील. याउलट एक्सल आखूड पडला, तर कप पुरता आत गेला तरी लॉकरिंगला धरायला आटे उरणार नाहीत.

एक्सलचे उजवे टोक किती बाहेर येते, हेही महत्त्वाचे आहे. त्यावर चेनव्हीलची जागा ठरते. चेनव्हील आणि मागचे फ्रीव्हील फ्रेमच्या मध्यापासून सारख्याच अंतरावर असले, तर चेन सरळ धावते. टोक फार बाहेर आले तर चेन तिरपी चालते, दात्यांच्या कडा घासते आणि कुरकुर करते. टोक फार आत राहिले तर चेनव्हील किंवा क्रँक मागच्या नळीला घासते.

तीन दशांश मिलीमीटरचे साडेचार

पुष्कळ नव्या सायकलींना कॉटर नसते. त्यांच्या एक्सलचे टोक चौकोनी व निमुळते असते आणि क्रँक त्यावर बोल्टाने दाबून बसवतात. चौकोनाची प्रत्येक बाजू २ अंशांनी कललेली असते. येथेही दोन घराणी आहेत : एक जपानी मानकाचे, दुसरे आंतरराष्ट्रीय मानकाचे. दोघांचा कल तोच, फक्त जपानी टोक किंचित जाड. आंतरराष्ट्रीय मापाची क्रँक जपानी एक्सलवर घातली, तर ती जागच्यापेक्षा सुमारे ४.५ मि.मी. बाहेरच थांबते. जाडीतील फरक किती असेल?

२ अंशांचा टॅन्जन्ट ०.०३५. समोरासमोरच्या दोन बाजू मिळून दर मिलीमीटर लांबीला जाडी ०.०७ मि.मी. बदलते. म्हणून

४.५ × ०.०७ = सुमारे ०.३ मि.मी.

पाचरीचा हा गुणच आहे. जाडीतला बारीकसा फरक ती लांबीत चौदा पटींनी मोठा करून दाखवते. क्रँक बाहेर थांबली की चेनव्हीलही बाहेर, आणि चेन तिरपी. बोल्ट कितीही आवळला तरी उपयोग नाही. फार तर मऊ ॲल्युमिनियमची क्रँक फाटेल.

अलीकडे शर्यतीच्या सायकलींत २४ व ३० मि.मी. व्यासाचे पोकळ एक्सल आणि आटे नसलेल्या, दाबून बसवावयाच्या बी.बी.ही आल्या आहेत. प्रकार वाढले, पण प्रश्न तेच पाच राहिले.

शकुंतलेची कथा

मापे न जुळल्याने काय होते, याचे एक मोठे उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. यवतमाळहून दारव्हामार्गे मूर्तिजापूरला जाणारी ‘शकुंतला’ गाडी तुमच्या आजी-आजोबांना चांगली आठवत असेल. आता ती बंद आहे. इंग्रजी अमलात किलिक निक्सन कंपनीने ही रेल्वे चालवली, ती मुख्यतः वऱ्हाडच्या कापसासाठी. तिच्या दोन रुळांतील अंतर होते ७६२ मि.मी.; मूर्तिजापूरच्या मुख्य मार्गावर ते १६७६ मि.मी. दोन्ही रूळ पक्के, दोन्ही गाड्या चांगल्या. पण यवतमाळचा डबा मुंबईच्या रुळावर जाऊ शकत नव्हता. त्यामुळे मूर्तिजापूरला माल एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरावा लागे. दोष कोणत्याच गाडीत नव्हता. दोघांत करार नव्हता, एवढेच.

मापांच्या अशा कराराला मानक म्हणतात. १८४१ साली इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थने निरनिराळ्या कारखान्यांतील बोल्ट गोळा करून आट्यांचे एक समान माप सुचवले. त्यापूर्वी एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टावर बसेलच, असा भरवसा नसे. आपल्या देशात १९४७ साली भारतीय मानक संस्था स्थापन झाली. १९८७ पासून तिचे काम भारतीय मानक ब्यूरो पाहते.

या कराराचा लाभ काय, ते पाहा. १९५१ साली सोनीपतला सुरू झालेल्या ॲटलस सायकल कंपनीचा साहिबाबाद येथील कारखाना जून २०२० मध्ये बंद पडला. पण खेड्यापाड्यांतल्या ॲटलस सायकली काही त्या दिवशी थांबल्या नाहीत. त्यांच्या मापाचे कप, छर्रे आणि कॉटरी लुधियानाचे दुसरे कारखानदार करीतच होते. ज्यांनी एकमेकांना कधी पाहिलेही नाही अशा माणसांनी एकच माप पाळले, म्हणून आर्णीच्या दुकानातील एका छोट्या डबीत तुमच्या सायकलीचा भाग मिळू शकतो.

तुम्ही काय कराल?

एक वही घ्या आणि वर्गातील दहा सायकलींची नोंद करा. काहीही न उघडता पुढील गोष्टी पाहता येतील :

१. बी.बी.च्या नळीची रुंदी मोजा. कपांची कड धरू नका. केवळ नळी मोजा.
२. क्रँक कॉटरची आहे की चौकोनी टोकाची, ते लिहा.
३. चेनव्हील व फ्रीव्हील यांचे दाते मोजा.
४. सायकलीच्या मागे बसून एक डोळा मिटा आणि चेन सरळ धावते की तिरपी, ते पाहा. चेन फिरत असताना बोटे दूर ठेवा.
५. क्रँक आडवी धरून पायडल वरखाली हलवा. ढिलाई जाणवली तर मिलीमीटरमध्ये अंदाज लिहा. मागची तरफ आठवा आणि एक्सलजवळची ढिलाई काढा.
६. मिस्त्रीकाकांकडे टाकून दिलेले जुने कप असतील, ते मागून आणा. दोन कपांचे आटे एकमेकांत टेकवून उजेडासमोर धरा. दाटी सारखी असेल तर मधून उजेड दिसणार नाही. निराळी असेल तर एका टोकाला फट दिसेल. हीच तपासणी कोणत्याही उपकरणाशिवाय करता येते.

शिक्षकांस सूचना : तरफ, आघूर्ण, पाचर, स्क्रू आणि व्हर्नियर कॅलिपर हे पाचही विषय या एका जोडणीत येतात. झिजलेला एक एक्सल, दोन कप व एक कॉटर प्रयोगशाळेत ठेवल्यास वर्षभर उपयोगी पडतील.

आणि ती नववीतील मुलगी? दुसऱ्या खेपेस ती स्वतः बाजारात गेली. खिशात जुनी कॉटर आणि शाळेच्या व्हर्नियरवर घेतलेले माप होते : ९.५ मि.मी. दुकानदाराने पुढे केलेल्या तीन कॉटरींपैकी तिने एक निवडली. मिस्त्रीकाकांनी ती बसवली तेव्हा ती सहज गेली नाही, बेताने ठोकावी लागली. आणि सपाट बाजू खाचेला पूर्ण टेकली. तुमच्या सायकलीचा एखादा भाग बदलावयाचा असेल तेव्हा जुना भाग टाकून देऊ नका. तो सोबत न्या, आणि जाण्यापूर्वी मोजा.